मधल्या खोलीचे पाहुणे

बुधवार, १० ऑक्टोबर १९७३
नरसी

आले एकदाची. हिंगोलीहून एसटीत बसायला जागा मिळाली नाही, पायाशी कुणाची तरी कोंबड्यांची पाटी होती, आणि कंडक्टर सगळ्यांवर खेकसत होता. तरी मी चिडले नाही. आज चिडायचं नाही, असं सकाळी तोंड धुतानाच ठरवलं होतं. नांदेडच्या मुलींच्या बोर्डिंगातली नोकरी माझ्या चिडण्यानंच गेली. पोरींना अळ्या झालेल्या पिठाच्या भाकरी घालत होते. ते पीठ मी मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ओतलं. ओतायलाच हवं होतं, पण नोकरी गेली ती गेलीच.

इथे मालक अमृतराव. देवळाच्या रस्त्यावर पुढे त्यांचं नारळ, बुक्का, बत्तासे यांचं दुकान, मागे घर, आणि घरामागे अंगण सोडून ओळीनं तीन खोल्या. दर्शनाला आलेले, कापसाचे दलाल, सेनगावची शेवटची गाडी चुकलेले, असे लोक दोन-चार दिवस उतरतात. खोल्या झाडायच्या, अंथरुणं उन्हात घालायची, चहा द्यायचा, कुणाला काय हवं नको ते बघायचं, हे माझं काम. अमृतराव म्हणाले की ते जातपात पाळत नाहीत. लगेच पुढे म्हणाले की पाणी मात्र पाहुण्यांनी आपलं आपण शेंदून घ्यावं, असा इथला नियम आहे. का ते मला समजावून सांगावं लागत नाही.  आज चिडायचं नव्हतं.

माझी खोली तिन्ही खोल्यांच्या टोकाला. आधी कडबा ठेवायचे तिच्यात. मी शेणानं सारवली, बाबासाहेबांचा फोटो लावला. आतून लावायला कडी आहे. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या दाराला आतून कडी मिळाली. तीनदा लावून पाहिली आणि एकटीच हसले.

शनिवार, २० ऑक्टोबर

काम बसलं. मधल्या खोलीचं दार पावसानं फुगलंय. गुडघ्यानं खालून उचलून ढकललं तरच उघडतं. नव्या माणसाला जमत नाही, मला बोलवावं लागतं.

आज वाशिमकडचे ग्यानोबा आणि धुरपताबाई परत आले. म्हातारा-म्हातारी दर आठवड्याला दर्शनाला येतात. मागच्या खेपेला मी नवीन होते, एकदाच पाहिलं होतं. पण मी त्यांना लांबूनच ओळखलं. म्हाताऱ्याला गुळाचा चहा लागतो आणि म्हातारीला भिंतीकडची बाजू. न सांगता दोन्ही केलं. धुरपताबाई माझा हात धरून म्हणाली की पोटच्या लेकीला एवढं ध्यानात राहत नाही. माणसाचा चेहरा बदलतो, केस पिकतात, पण सवय बदलत नाही. बोर्डिंगात मी अंधारात पावलांवरून पोरी ओळखायची.

अमृतराव खूश झाले. म्हणाले, "ओळख ठेवतीस, चांगुणा, बराबर हाय. गिऱ्हाईक ओळखीनं बांधलं जातं." त्यांच्या बायकोनं, रुक्माबाईनं, ते ऐकून पदर सारखा केला आणि ती आत निघून गेली. ही बाई माझ्याशी बोलत नाही. राग नाही, नुसती बोलत नाही.

शुक्रवार, ९ नोव्हेंबर

मधल्या खोलीत एक जोडपं आलंय. नवरा गोपीचंद, चाळिशीचा, इस्त्रीचा सदरा, बोलायला गोड. कापडाचा धंदा म्हणतो. दर वाक्याला "तुम्हाला तकलीफ नको". बायको नीला, सेनगावकडच्या तांड्यातली. सतरा वर्षांची तरी असेल का, शंकाच आहे. आरसे लावलेला फेटिया घागरा, हातभर बांगड्या. मागच्या दुष्काळात तांड्याची बैलं गेली, ज्वारी गेली. खडी फोडून लोक जगले. त्यातच हा गेला आणि म्हणाला की मला काही द्यायचं नाही, पोरगी द्या. दिली.

मला तो आवडला नाही. पण मला बरेच लोक आवडत नाहीत.

पोरगी मात्र गोड. हसताना तोंड झाकत नाही, नाक झाकते. आडाचं पाणी शेंदलं की पहिली ओंजळ जमिनीवर सोडते, मग पिते. तिची आजी असंच करते म्हणे. मी पाणी दिलं तर तेही प्यायली. नियम तिला कुणी सांगितलाच नव्हता. दुपारी मी तिचे केस विंचरून दिले, तेव्हापासून मला "याडी" म्हणते. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात. मी काही एवढी म्हातारी नाही. पण म्हणू दिलं.

सोमवार, १२ नोव्हेंबर

नीलाला नाव लिहायला शिकवते आहे. राखेत बोटानं "नी" काढते आणि त्याची वेलांटी डोक्यावर पदरासारखी घेतली म्हणते. मधलं दार आता तिला येतं, गुडघा लावते आणि हसते, नाकावर हात ठेवून. उद्या "ला" शिकवायचा.

मंगळवार, १३ नोव्हेंबर

सकाळी उठले तर खोली रिकामी. उजाडायच्या आत गेले. कयाधू नदीच्या डोहावर आंघोळ करून तिकडूनच गाडी धरणार, असं गोपीचंद सांगून गेला म्हणे. "ला" राहिला. उगीच राग आला. पाहुण्यांवर जीव लावू नये.

रविवार, १६ डिसेंबर

आज दुपारच्या गाडीनं गोपीचंद आला. मी अंगणातूनच ओळखलं आणि नीलासाठी चुलीवर आधण ठेवलं. पण त्याच्याबरोबर दुसरीच होती. लुगड्यातली, गोरी, घाबरलेली. जिवनबाई. याचीच बायको.

अमृतराव दुकानातून ओरडले, "या, या. नवीन आहात का?" आणि तो म्हणाला, "व्हय, पहिल्यांदाच येऊन राहिलो."

मी पुढे झाले. म्हटलं, कसं काय पहिल्यांदा? दिवाळीनंतर इथेच होतात की, मधल्या खोलीत, नीलाबरोबर. नीला कुठाय? तो हसला. म्हणाला की ताई, तुमची गफलत होतेय, माझा चेहराच तसा आहे, चार लोकांसारखा. अमृतरावांनी मला आत बोलावून झापलं. असं कुणाच्या बायकोसमोर विचारतात का? मी म्हटलं, तुम्हीच तर खोली दिली होती त्याला. म्हणाले की शंभर लोक येतात, मला कुणी आठवत नाही.

खोटं. मागच्या वर्षी कप फोडून गेलेला माणूस त्यांना आठवतो, आणि हा आठवत नाही! अंग नुसतं जळतंय.

त्याच दिवशी, दिवेलागणीला

लिहायचं राहिलं ते हे. मी दार उघडून द्यायला चालले होते. त्याआधीच जिवनबाईनं गुडघा लावला, उचललं, ढकललं. दार उघडलं. मी विचारलं, आधी आली होतीस का इथे? तिनं मान हलवली. घरातून ती लग्नापर्यंत कधी बाहेरच पडलेली नाही.

सोमवार, १७ डिसेंबर

जिवन आडावर आली. पाणी शेंदलं. पहिली ओंजळ जमिनीवर सोडली, मग प्यायली. माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. त्या आवाजानं ती दचकली, मग हसली. नाकावर हात.

मी तिच्याजवळ गेले. तिनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "याडी, डोह लई थंड हाय."

आणि लगेच स्वतःच गोंधळली. विचारायला लागली की मी काय बोलले? हा शब्द तिला माहीत नाही. तिच्या गावाजवळ तांडा नाही.

मी तिला स्पष्ट सांगितलं. जाऊ नको याच्याबरोबर. माझ्या खोलीत चल, कडी लावते, उद्या तुझ्या बापाकडे सोडते. ती रडायला लागली. म्हणाली की माहेरी परत गेले तर पाठच्या दोघींची लग्नं होणार नाहीत. आणि ते तर चांगले आहेत, अजून हातसुद्धा उगारला नाही. मी हात धरून ठेवला होता, तो तिनं सोडवून घेतला.

मंगळवार, १८ डिसेंबर

गेले. मी अंधार असतानाच उठून दारात बसले होते, पण ते आदल्या संध्याकाळीच निघाले. मी दळण आणायला गेले होते तेवढ्यात. अमृतरावांनीच मला दळणाला पाठवलं होतं.

डोहाकडे पळत गेले. काठावर कुणी नाही. पाणी काळं आणि गप्प. बाभळीच्या मुळ्यांत काहीतरी चमकत होतं. ओढून काढलं. फेटियाचा तुकडा, आरशांचा. महिनाभर पाण्यात राहून कुजलेला. आरसे तसेच.

मी तिथे बसून नीलाला हाका मारल्या. मग त्याला शिव्या दिल्या, मला येतात तेवढ्या सगळ्या.

गुरुवार, २० डिसेंबर

चौकीवर गेले. तुकडा टेबलावर ठेवला. जमादार म्हणाला की नदी काय काय आणते. मुलगी हरवली अशी तक्रार आहे का? नाही. नवऱ्याची? नाही. मग तू कोण? मी म्हटलं की मी ओळखते. तो हसून म्हणाला की ओळखणं हा काही गुन्हा नाही आणि पुरावाही नाही. मग माझं आडनाव विचारलं. ऐकल्यावर तुकडा माझ्याकडे सरकवला. हातानं नाही, काठीच्या टोकानं.

रविवार, २३ डिसेंबर

तांड्यावर जाऊन आले. नीलाचा बाप भावसिंग. मी रागानं पेटून गेले होते. काहून दिली पोरगी, चौकशी केली होती का, असं सगळं विचारायचं ठरवून गेले होते. तो तूर राखत होता. नरसीहून आले, नीला आमच्याकडे उतरली होती, एवढंच म्हटलं, तर त्यानं हातातलं टाकलं आणि धावत आला.

"बाई, तुमी बघितलं का तिला? कशी हाय माही नीली? अंगानं भरली का?"

गोपीचंद निरोप पाठवतो म्हणे, की मजेत आहे, गादीवर झोपते. बापानं माझ्यासाठी बाज टाकली. भुईमुगाच्या शेंगा फडक्यात बांधून दिल्या, नीला परत आली तर द्या म्हणून. तिला भाजलेल्या आवडतात.

माझी जीभ कुणापुढे थांबत नाही. तिथे थांबली. शेंगा घेऊन आले. फोटोखाली ठेवल्यात. त्याला सांगायला हवं होतं. पण ते सांगण्याचं काम त्या जमादाराचं होतं, अमृतरावाचं होतं. त्यांनी ते माझ्यावर टाकलं, आणि माझ्यानं झालं नाही.

शुक्रवार, ११ जानेवारी १९७४

मधल्या खोलीत आता कुणीही बाई उतरली की तेच. साताऱ्याकडची एक मास्तरीण आली, शहाणी, चष्म्याची. दाराला गुडघा. आडावर ओंजळ. तिला विचारलं तर म्हणाली, सहज केलं. आज सकाळी दोन लेकरांची एक आई राखेत बसून बोटानं काहीतरी काढत होती. मी जाऊन बघितलं. "नी." शाळेचं तोंड न पाहिलेली बाई.

पुढे काहीच नाही. "ला" मी शिकवलाच नव्हता.

सोमवार, १४ जानेवारी

संक्रांत. ग्यानोबा-धुरपताबाई काल आले. टोकाच्या दोन्ही खोल्या भरलेल्या. मी मधली देऊ नका म्हटलं, अमृतरावांनी दिली. रात्र सरळ गेली. सकाळी धुरपताबाई, जिचा आवाज कधी दुकानापर्यंत गेला नाही, तिनं पितळेचा तांब्या म्हाताऱ्याच्या कपाळावर मारला. रक्त. ओरडत होती, "मला पोहता येत न्हाई! सांगितलं होतं तुला!" मग तांब्याकडे बघत बसली, आणि रडू लागली. पन्नास वर्षांत त्यांच्यात भांडण नाही.

ते आता परत येणार नाहीत.

राग आहे त्या खोलीत. भिंतीला हात लावला तर चुलीजवळच्या भिंतीसारखी गरम लागते.

बुधवार, १६ जानेवारी

रुक्माबाई बोलली. पहिल्यांदा. मी भांडी घासत होते, ती मागे येऊन उभी राहिली.

"काहून वळखतीस बाई त्याला? म्या बी वळखत व्हते. तुझ्या आधी असल्या धा-बारा पोरी झाल्या असतील. आता न्हाई वळखत. सुखानं जेवण जातं."

मी विचारलं की मालकांना माहीत आहे? तिनं माझ्याकडे असं बघितलं, जसं लहान लेकराकडे बघतात.

मी राख भरलेला हात भिंतीवर मारला. तिच्यावर मारायचा होता.

शनिवार, ९ फेब्रुवारी

आला.

बरोबर परकर-पोलक्यातली पोरगी. कमल. चुलत्यानं दिली. आईबाप दुष्काळात गेले. चौदा वर्षांची. पायात पैंजणसुद्धा नाही.

"या, या. नवीन आहात का?"

"व्हय, पहिल्यांदाच."

पोरगी माझ्याजवळून गेली. थांबली. मान वर न करता हळूच म्हणाली,

"याडी, ह्या खेपेला तरी."

तीच तारीख, संध्याकाळ

मी तिला माझ्या खोलीत घेतलं. पोटात दुखतं म्हणून सांगितलं, बायकांचं आहे, पुरुषानं येऊ नये. तो दारातून गोड बोलून गेला. ताई, तुम्हाला तकलीफ नको, म्हणे.

ती भुईमुगाच्या शेंगांकडे बघत राहिली. मी भाजून दिल्या. खाताना आधी नीलासारखी हसली. मग जिवनसारखी रडली. मग आणखी कुणासारखी तरी, मला न ओळखू येणारी, माझ्या आधीची. एकीमागून एक. एकाच एवढ्याशा तोंडावर.

मी विचारलं, माझ्यावर राग आहे का?  तिनं शेंगा सगळ्या संपवल्या.

रविवार, १० फेब्रुवारी

 सगळं लिहिणार.

सकाळी अमृतराव आणि तो, दोघांनी दार ढकललं. कडी तुटली. अमृतराव म्हणाले की लोकाची बायको कोंडतेस, तुला नोकरीवरून— त्यांनी मला धरून ठेवलं आणि त्यानं पोरीला ओढत नेलं. मागच्या वाटेनं, नदीकडे. मी अमृतरावांच्या हाताला चावले. तोंडात रक्त आलं. कोपऱ्यातली काठी घेतली आणि पळाले.

डोहाच्या काठावर पोरगी थांबली. तो ओढतोय, ती हलत नाही. चौदा वर्षांची पोर, आणि तो चाळिशीचा बाप्या, तरी हलत नाही. मग तिनं त्याला हाक मारली. एका आवाजात नाही. माझ्या कानांनी ऐकलं. लग्नातल्या बायका एकदम बोलतात तसं.

त्यानं हात सोडला. तो पायाकडे बघत होता. मागे सरकला, पाण्यात. घोटा. गुडघा. कुणी दिसत नव्हतं. पण तो पायावर मारत होता, जसं कुणाचे हात सोडवावेत. कंबर.

मग मी दिसले त्याला. हात पुढे केला. "ताई, काठी! ताई, काठी द्या!"

काठी पोचत होती. मी दिली नाही.

लिहून ठेवते. दिली नाही.

सोमवार, ११ फेब्रुवारी

दुपारी वर आला. फुगलेला. पंचनामा झाला. पाय घसरला, असं लिहिलं. अमृतरावांनी, हाताला फडकं बांधून, पोलिसांना सांगितलं की नवीन पाहुणा होता, ओळख नव्हती.

नदीच्या काठावरच जाळलं. बायका जात नाहीत, मी गेले. लांब उभी राहिले. कवटी फुटल्याचा आवाज आला तेव्हा घरी आले. मला खात्री हवी होती.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

कमलला पुसेगावला माझ्या सोजरा मावशीकडे पोचवलं. मावशी परकर-पोलकी शिवते, टाके घालायला शिकवेल. कमलला काही आठवत नाही. मला "ताई" म्हणाली. दाराला गुडघा लावत नाही. हसताना तोंड झाकते, सगळ्या पोरींसारखं.

त्या गेल्या. सगळ्या. मधली भिंत थंड.

येताना तांड्यावर उतरले आणि भावसिंगला सगळं सांगितलं. तो उठून तुरीच्या शेतात जाऊन उभा राहिला. त्याची पाठ मला दिसत होती. मी गाडी येईपर्यंत तिथेच बसले.

आता नरसी सोडायची. मावशी म्हणते, इकडेच ये. अमृतरावांना उद्या तोंडावर सांगेन. कितीजणी आल्या, कितीजणी गेल्या, ते दुकानासमोर उभी राहून, गिऱ्हाईकं असताना.

शुक्रवार, १५ फेब्रुवारी

सांगितलं. ओरडून सांगितलं. लोक थांबले. ऐकलं. एकानं नारळ घेतला आणि गेला. मग दुसरा गेला. अमृतराव गल्ल्यावर बसून वाती वळत होते. रुक्माबाई दारात. 

सामान बांधलं. दुपारच्या गाडीनं निघते.

तीच तारीख

गाडी आली. मी पिशवी उचलली होती. गाडीतून उतरला.

गोपीचंद.

इस्त्रीचा सदरा. कोरडा. भुवया नाहीत, जळलेल्या. बाकी तोच. मी काठावर उभी राहून जळताना बघितला तो.

बरोबर एक पोरगी. बारा वर्षांची असेल. हातात बाहुली नाही, एवढंच.

अमृतराव उठले. "या, या. नवीन आहात का?"

जमादार तिथेच विडी ओढत होता. त्यानंच गोपीचंदच्या प्रेताचा पंचनामा केला होता. त्यानं बघितलं. विडी झटकली.

"व्हय, पहिल्यांदाच."

मग गोपीचंदनं माझ्याकडे बघितलं. आजवर हा माझ्याकडे बघून हसायचा, ओळख लपवून. आज हसला नाही. म्हणाला, "ताई, मला ओळखलंत ना?"

मी पोरीचा हात धरला आणि ओढत खोलीत आणली. कडी तुटलेली. पेटी लावली दाराला, वर पाटा. मी पाठ टेकून बसले आहे, मांडीवर वही.

पोरीला विचारलं, तू कोण? नाव सांगते. फक्त नाव. पाणी दिलं, सरळ प्यायली. दाराकडे बघते आणि रडते. नुसती रडते. तिच्यात कुणी आलेलं नाही. बाकी सगळ्या गेल्या. मीच त्यांना जाऊ—

आता मी एकटीच.

बाहेर अमृतराव. चांगुणा, उघड, पाहुण्यांना तकलीफ होऊन राहिली. रुक्माबाई म्हणते, वळखू नको बाई, म्हण की न्हाई वळखत, एकदा म्हण, सुटशील.

पाटा हलतोय. जळक्या मांसाचा वास फटीतून— पोरगी माझ्या दंडाला धरून—

नाही म्हणणार. जमादारा, ऐक. अमृतराव, ऐका. मी ह्याला ओळखते. कितीदाही येऊ दे, कुठल्याही नावानं, मी ओळखते, मी ओळख—